लष्करी हेलिकॉप्टर ते प्रवासी विमान : हजारो तास उडूनही पुन्हा पहिली पायरी का?

धार/देवास : पवारांबरोबर माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या इथल्या मराठी घरांना फौजेची नोकरी नवी नाही. मुलगा हेलिकॉप्टर उडवत असेल, तर घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : फौज सोडल्यावर तो विमान कंपनीत सरळ कॅप्टन होईल ना? उत्तर : होईल, पण सरळ नाही.

पहिली अडचण लायसन्सची. फौजेतलं उड्डाण नागरी लायसन्सवर होत नाही. ते लायसन्स डीजीसीए देतं, आणि हेलिकॉप्टरचं वेगळं, विमानाचं वेगळं. विमानाच्या सीपीएलसाठी साधारण २०० तासांचं उड्डाण लागतं, कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएलसाठी १५०० तास. हेलिकॉप्टरचे सगळे तास इथे जसेच्या तसे धरले जात नाहीत. गाडी अडते ती इथेच.

इथे हवाई दल आणि भूदल यांतही फरक पडतो. हवाई दलाचा कॅडेट आधी दुंडिगलला पिलॅटस विमानावर शिकतो, मग हकीमपेटला हेलिकॉप्टरवर. त्याच्या लॉगबुकात विमानाचे थोडे तास असतात. भूदलाचा वैमानिक नाशिकच्या गांधीनगरला थेट हेलिकॉप्टरच शिकतो.

दुसरी अडचण हाताच्या सवयीची. हेलिकॉप्टर वेग कमी करून हवेत थांबू शकतं. विमानाचा वेग ठराविक मर्यादेखाली गेला, की पंखांचा आधार सुटतो. बसायची जागाही बदलते : हेलिकॉप्टरचा कॅप्टन बहुधा उजवीकडे बसतो, विमानाचा डावीकडे.

तिसरी गोष्ट पैशाची. विमानाचे तास आणि एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, हा खर्च लाखांत जातो. अधिकाऱ्याला पेन्शन साधारण २० वर्षांच्या सेवेनंतर मिळते, १४ वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसला नाही. म्हणजे ऐन चाळिशीच्या आसपास, मुलांच्या शाळा चालू असताना, पदरचे पैसे घालून फर्स्ट ऑफिसर म्हणून सुरुवात करायची. शेजारचा कॅप्टन वयाने लहानही असू शकतो. उड्डाणाची वयोमर्यादा ६५ असल्यामुळे उशीर जितका जास्त, तितकी कमाईची वर्षं कमी.

दुसरी वाटही आहे. पवनहंससारख्या कंपन्यांना मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसं नेण्यासाठी हेलिकॉप्टरचेच वैमानिक लागतात. तिथे जुना अनुभव पुरता कामी येतो.

म्हणून राजीनाम्याचा अर्ज नंतर. आधी लॉगबुक प्रमाणित करून घ्यावं, क्लास वन मेडिकल करावं, डीजीसीएच्या परीक्षांना बसावं. विमान प्रशिक्षणासाठी आग्रा-मुंबई रस्त्यावरचं शिरपूर माळव्याला जवळ आहे. बारामती, गोंदियाही आहेत. कागद हातात आल्यावरच कर्जाचा विचार केलेला बरा.