जगात जर्मनी, फीडमध्ये मावशी!

हातानं गोधड्या शिवणाऱ्या मावशीचं पेज मी मोठ्या हौसेनं सुरू केलं. ते बंदही मीच केलं. ताडकळसच्या अंगणात शिकलेला हा बिझनेसचा फंडा, खास तुमच्यासाठी!

सोमवारची सकाळ. ऑफिसला जाताना बसमध्ये तुम्ही काय करता? अंगठ्यानं फीड वर सरकवता, बरोबर? मध्येच एखादी रंगीबेरंगी गोधडी दिसते. 'सो क्यूट!' म्हणत तुम्ही हार्ट देता आणि पुढे जाता. दोन सेकंदांचा मामला. पण बॉस, त्या दोन सेकंदांसाठी पलीकडे कुणाची तरी अख्खी दुपार गेलेली असते. हे मला मावशीमुळे कळलं.

ताडकळस हे परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातलं गाव. माझं आजोळ. मावशी तिथे गोधड्या शिवते. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर अंथरायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. मशीन नाही. सुई, दोरा आणि बोटात अंगुस्तान. मोठ्या गोधडीला वीसेक दिवस सहज लागतात.

आता मास कॉमची डिग्री घेतलेली भाची गप्प बसेल का? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आजोळी अडकले होते. एका अ‍ॅपवर मावशीचं पेज काढलं, फोटो टाकले. काही दिवसांत चक्क जर्मनीहून एक लाइक आला! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे म्हणतातच, त्यामुळे घरात कोण आनंद! पहिली ऑर्डर मात्र जिंतूरहून आली.

गोधडी की पिक्चर?

सुरुवातीला सगळं सॉलिड चाललं होतं. मग नुसत्या फोटोंकडे कुणी बघेना. व्हिडिओ हवा, रोज हवा! मी पुण्यातून फोनवर ऑर्डर सोडायची. मावशी, उन्हात बस. मावशी, तोच टाका परत घाल. मावशी, जरा हस की! एकदा ती वैतागलीच. "आगं माय, मी गोधडी शिवायले का पिक्चर काढायले?"

मी हसण्यावारी नेलं. एका दिवाळीच्या आधी एक व्हिडिओ तुफान चालला आणि मेसेजचा पाऊस पडला. मी भराभर 'हो' म्हणत गेले. शिवायचं मला थोडंच होतं! मावशी रात्री दिव्याखाली बसून टाके घालायची. डोळ्यांतून पाणी यायचं, बोट सुजायचं. वर 'मशीनवरची तर निम्म्या किमतीत मिळते' असे मेसेज.

त्याच दिवसांत माझ्या मावसबहिणीला मुलगा झाला. आमच्याकडे बाळाला आजीच्या हातचं दुपटं हवंच. मावशीनं त्यासाठी आजीचं मऊ लुगडं जपून ठेवलं होतं. पण ऑर्डरी संपेनात. बारशाला बाळ बाजारातल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं होतं. मावशी काही बोलली नाही. बाळाला घेऊन आत गेली. मी तेव्हा बारशाचा व्हिडिओ काढत होते.

त्या रात्री पेज बंद करायचं ठरलं.

मोठेही कंटाळतात

तुम्ही म्हणाल, धंदा करायचा आणि सोशल मीडिया सोडायचा, हे कसं शक्य आहे? हातानं बनवलेल्या साबण-शाम्पूंसाठी जगभर गाजलेल्या 'लश' या ब्रिटिश कंपनीनं २६ नोव्हेंबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि स्नॅपचॅट या चारही ठिकाणांहून रजा घेतली. तरुण मुलामुलींच्या मनावर होणारा परिणाम, हे कारण दिलं. पण गंमत बघा, २०१९ मध्ये तिच्या ब्रिटनमधल्या विभागानं असाच निरोप घेतला होता आणि नंतर तो परतला होता. शिवाय लशची देशोदेशी दुकानं आहेत. मावशीकडे फक्त अंगण!

काहींना तर निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. आपल्या गावोगावच्या कलाकारांचे फॉलोअर्स बघता बघता गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम सुमारे सहा तास ठप्प झाले. म्हणजे फॉलोअर्स आपले वाटतात, पण जागा भाड्याची असते. मालक कधी कुलूप लावेल, नेम नाही.

वही झिंदाबाद

बंद करण्याआधी आम्ही दोघी हिशोबाला बसलो. फॉलोअर्स हजारांत, पण पैसे देऊन गोधडी नेणारे शंभरसुद्धा नाहीत! त्यातलेही निम्म्याहून जास्त कुणाच्या तरी ओळखीतून आलेले. त्यांची नावं, पत्ते, नंबर मी एका दोनशे पानी वहीत उतरवले. प्रत्येकाला मावशीनं स्वतः फोन केला. "पेज बंद करायलो बगा. गोधडी पाहिजे असंल तर नंबर लिहून ठेवा."

पुढचे तीन महिने फोन वाजला नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, मी मावशीच्या पोटावर पाय दिला. मग एका जुन्या ताईंनी सुनेसाठी गोधडी सांगितली. त्यांच्या मैत्रिणीनं दोन. त्या दिवाळीएवढी कमाई पुन्हा झालेली नाही, होणारही नाही बहुधा. पण आता वहीत नंबर लागतो आणि 'दोन महिने थांबावं लागेल' हे मावशी स्वतः सांगते. गिऱ्हाईक थांबतं!

तुम्हीही सोडताय? मग हे करा

• आधी गिऱ्हाइकांची यादी फोनबाहेर, कागदावर काढा. व्हॉट्सअ‍ॅपचा मालकही तोच, हे विसरू नका.
• सणासुदीच्या तोंडावर बंद करू नका. हातातल्या ऑर्डरी आधी पूर्ण करा.
• पेजवर महिनाभर तुमचा नंबर ठळक दिसू द्या.
• इन्स्टाग्रामवर खातं कायमचं काढायला सांगितलं, तरी मन बदलायला ३० दिवस मिळतात. त्याआधी आपले फोटो उतरवून घ्या.
• प्रत्येक पार्सलमध्ये नाव-नंबरची चिठ्ठी टाका.
• मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा अशा प्रदर्शनांची चौकशी करा. तिथे लोक वस्तू हातात घेऊन बघतात.

आणि तुम्ही घेणारे असाल, तर पुढच्या वेळी नुसतं हार्ट देऊन सटकू नका. नंबर मागा!

बाळाचं दुपटं अखेर झालं. आजीच्या लुगड्याचं, निळ्या काठाचं. मी सवयीनं म्हटलं, "मावशी, एक फोटो पाठव ना!"

"फोटूत काय दिसतंय?" ती म्हणाली. "गाडीत बस आन् ये. हात लावून बग."

शनिवारचं तिकीट काढलंय.