जावाची साखर ते पेट्रोलमधलं इथेनॉल
लेखमाला : आयातीचा हिशोब – भाग ६

आयात शुल्क कसं काम करतं, ते मागच्या भागात पाहिलं. आज त्याचा पडताळा प्रवरा नदीकाठी घेऊ.

१९३०च्या सुमारास आपल्याकडे पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावा बेटावरून येत असे. १९३२ मध्ये सरकारने तिच्यावर जबर शुल्क लावून देशी कारखान्यांना संरक्षण दिलं. तेव्हा देशात जेमतेम तीसेक आधुनिक कारखाने होते. चार-पाच वर्षांत ते शंभरावर गेले आणि जावाची साखर हटली. नगर जिल्ह्यात भंडारदरा धरण १९२६ मध्येच पूर्ण झालं होतं. पाटाचं पाणी आलं, त्यापाठोपाठ ऊस आला आणि खासगी कारखानेही.

देश साखरेत स्वयंपूर्ण झाला, पण शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? श्रीरामपूर भागात कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. स्वतःच्या रानाचा मालक ‘खंडकरी’ म्हणवला जाऊ लागला आणि जमीन परत मिळवण्यासाठी पुढच्या पिढ्यांना झगडावं लागलं. या प्रश्नाला लोणी गावाने उत्तर दिलं. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमवलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. कारखान्याचा मालक आता ऊस पिकवणारा होता.

आज तोच ऊस दुसरी आयात रोखायला निघालाय. आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात : २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

आता कारखान्यात डोकावू. गव्हाणीत एक टन ऊस पडला की साधारण शंभर-एकशे दहा किलो साखर निघते. रस पॅनमध्ये पुन्हा पुन्हा शिजवून शेवटी जी चिकट, काळी ‘सी-हेवी’ मळी उरते, तिच्यातून दहा-अकरा लिटर अल्कोहोल मिळतं. साखर न करता सगळा रस आसवनीकडे वळवला, तर सुमारे सत्तर लिटर. म्हणजे इंधन वाढवायचं तर साखर सोडावी लागते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडण्याची भीती निर्माण झाली आणि डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. कारखान्यांनी आसवन्यांसाठी कर्जं काढली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी उठली, पण दरम्यान इथेनॉलसाठी मका पुढे आला आणि मका निर्यात करणारा आपला देश त्याच वर्षी मका आयात करू लागला. एक दार लावताना दुसरं उघडलं.

पाण्याचंही तेच. मुळा-प्रवरेचं पाणी समन्यायी वाटपात जायकवाडी धरणाला सोडायची वेळ आली की जिल्ह्यात दरवेळी वाद पेटतो, आणि पाथर्डीचा ऊसतोड मजूर आजही पाण्यावाचून गाव सोडतो. मोकाट पाण्यावरच्या उसाचं इथेनॉल स्वदेशी असलं तरी स्वस्त नाही. त्याची किंमत शेजारचा तालुका मोजतो.

म्हणून कुठलीही आयात थांबवताना तीन प्रश्न विचारायलाच हवेत : फायदा कोणाच्या घरी जातो, पाणी कोणाचं जातं आणि बदल्यात दुसरं काय आणावं लागतं? पहिल्याचं उत्तर लोणीने दिलं. उरलेल्या दोन्हींसाठी उसाला ठिबक सक्तीचं करून ते प्रत्यक्ष शेतात पोचवणं आणि इथेनॉलचं धोरण अनेक वर्षं स्थिर ठेवणं, एवढं तरी सरकार आणि कारखान्यांनी करावंच.

(पुढील भागात : खाद्यतेल)