बावखल कशाला हवे?

वसईच्या पश्चिमेला समुद्र आहे. दक्षिणेला वसईची खाडी आहे. उत्तरेला वैतरणेची खाडी आहे. तीन बाजूंनी खारे पाणी! तरी मधल्या गावांत विहिरीला गोडे पाणी लागते. केळी, पानवेल, फुले, भाजी त्याच पाण्यावर होतात. हे कसे घडते?

घरी करून पाहा. एका पेल्यात साधे पाणी घ्या. दुसऱ्यात पुष्कळ मीठ विरघळवा. दोन्हींत कच्चे अंडे सोडा. साध्या पाण्यात ते बुडेल. मिठाच्या पाण्यात तरंगेल. कारण खारे पाणी जड असते. समुद्राच्या पाण्याच्या ४० घागरी गोड्या पाण्याच्या ४१ घागरींच्या वजनाला उतरतात.

जमिनीच्या पोटात असेच होते. पावसाचे पाणी मातीत, वाळूत मुरते. ते हलके असते, म्हणून खाऱ्या पाण्याच्या वर राहते. हॉलंड आणि जर्मनीतल्या शोधकांनी याचा हिशेब मांडला. तो सव्वाशे वर्षे जुना आहे. गोडे पाणी समुद्रापेक्षा १ फूट उंच असेल, तर त्याचा थर समुद्राच्या पातळीखाली सुमारे ४० फूट जातो. आता उलट बघा. उपसून ही उंची १ फूट घटवली, तर खालचे खारे पाणी हळूहळू ४० फूट वर येऊ पाहते. एकदा विहीर खारी झाली, की ती लवकर गोडी होत नाही.

म्हणजे आपल्या पायांखाली गोड्या पाण्याचा मोठा तलावच आहे. तो दिसत नाही. पण त्यात पाणी भरणारी तोंडे दिसतात. ती म्हणजे आपली बावखले.

वाडवडिलांनी वाडीच्या कडेला खड्डे खणले. पावसात ते भरत. त्यांवर रहाट बसवून वाडी शिंपत. तळाचा गाळ काढून झाडांना घालत. काठच्या झाडांवर खंड्या बसे. पाण्यात मासे, बेडूक वाढत. १ गुंठ्याचे, १० फूट खोल, उभ्या काठाचे बावखल भरले, तर त्यात सुमारे ३ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे १० हजार लिटरचे ३० टँकर! त्यातले काही वाडीला मिळते, काही जमिनीत मुरते.

१९८० नंतर वस्ती झपाट्याने वाढली. विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. कित्येक विहिरी खाऱ्या झाल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी लोकांना जागे केले. आज शहराला सूर्या धरणाचे पाणी येते. पण वाडीला विहीरच लागते.

तरीही बावखले बुजत आहेत. कोणी भराव घालतो, कोणी कचरा टाकतो. जागेला भाव आला आहे, हे खरे. घरात लग्नकार्य असते, कर्ज असते, हेही खरे. पण बुजवलेल्या बावखलाचे नुकसान एका घरापुरते राहत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीलाही ते भोगावे लागते. पावसाचे पाणी मग कुठे जाणार? जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले आणि गाड्या बंद पडल्या. पाण्याच्या जागा बुजल्या, की असे पूर वाढतात.

कोणी म्हणेल, "बावखलात डास होतात." घाण साचली तर होतात. पाणी स्वच्छ ठेवा. त्यात गप्पी मासे सोडा. ते डासांच्या अळ्या खातात.

मग काय करावे? उन्हाळ्यात चार घरांनी मिळून गाळ काढावा. सांडपाणी बावखलात सोडू नये. पागोळ्यांचे पाणी तिकडे वळवावे. भराव पडताना दिसला, तर ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे लेखी अर्ज द्यावा. आता आपल्याला लिहिता येते. अर्जाची एक प्रत सहीशिक्क्यासह आपल्याजवळ ठेवावी.

वसईत वर्षाला साधारण साडेसहा फूट पाऊस पडतो. देव देताना हात आखडत नाही. ते पाणी धरून ठेवायला जागा राखणे आपल्या हाती आहे.