विडंबनाची मर्यादा आणि मालकीची मर्यादा

१९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत डॅन ओ'नील हा व्यंगचित्रकार आणि त्याचे काही तरुण सहकारी यांनी 'एअर पायरेट्स फनीज' या चित्रकथा-पुस्तिकेचे दोन अंक काढले. त्यांत मिकी माऊस होता. मात्र डिस्नेच्या सोज्ज्वळ सृष्टीतला नव्हे, तर मादक द्रव्ये आणि शरीरसुख यांत रमलेला. डिस्ने कंपनीने त्याच वर्षी कॉपीराइटभंगाचा दावा गुदरला.

१९७८ साली अपील न्यायालयाचा कौल ओ'नीलच्या विरुद्ध गेला. मूळ कृतीची आठवण व्हावी इतपतच विडंबनकाराने तीतून घ्यावे, आणि मिकी सर्वपरिचित असल्याने त्यासाठी फारच थोडे पुरेसे होते, असे न्यायालयाचे म्हणणे. वरवर पाहता हा युक्तिवाद समतोल वाटतो. परंतु कवितेचा विडंबनकार वृत्त ठेवून शब्द बदलू शकतो. चित्रकथेत चेहरा हेच पात्र असते. शिवाय या न्यायाने जो अधिक प्रसिद्ध, तोच उपहासापासून अधिक सुरक्षित ठरतो!

वस्तुतः हा प्रश्न कायद्याइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. कॉपीराइट ही समाजाने निर्मात्याला दिलेली मर्यादित मक्तेदारी होय. निर्मितीला श्रम आणि पैसा लागतो, नक्कल स्वस्तात होते. संरक्षण नसेल तर निर्मात्याचा मोबदला बुडेल, हे तिचे समर्थन. तेव्हा मुख्य कसोटी हीच असावी की, नवी कृती बाजारात मूळ कृतीची जागा घेते काय? जिथे विडंबन हे केवळ नकलेचे निमित्त असेल, तिथे कायद्याने अवश्य आडवे यावे. पण मुलांसाठी मिकीचे पुस्तक घ्यायला निघालेला पालक ओ'नीलची पुस्तिका घेऊन घरी परतणार नाही. उपहासामुळे मूळ कृतीची मागणी घटली, तरी ती हानी प्रतिकूल परीक्षणाच्या जातीची आहे, चोरीच्या नव्हे. 'मग रीतसर परवानगी घ्यावी', असे कोणी म्हणेल. परंतु स्वतःची थट्टा करण्याचा परवाना कोण विकणार?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका गीताच्या विडंबनासंबंधी निकाल देताना हाच भेद मानला. पैसे मिळविण्यासाठी केलेले विडंबनही न्याय्य वापर ठरू शकते, असे सांगितले. आपल्या १९५७च्या कायद्यातील ५२ वे कलम टीका आणि समीक्षा यांसाठी मुभा देते. विडंबनाचा त्यात उल्लेख नाही. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने एका नाटकावर टीका करण्यासाठी लिहिलेल्या प्रतिनाटकाला या कलमाचे संरक्षण दिले, ही समाधानाची बाब होय. तथापि प्रत्येक विडंबनकाराने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा रास्त नाही. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'चा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने तरी विडंबन हा समीक्षेचाच एक प्रकार आहे, हे कायद्यात स्पष्टपणे नमूद करण्याची मागणी करावयास हवी.

१९२८ सालच्या पहिल्यावहिल्या मिकीवरील कॉपीराइट अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी संपुष्टात आला. त्या रूपातला मिकी आता कोणीही रेखाटावा. परंतु ओ'नीलला जे म्हणावयाचे होते, ते १९७१ साली म्हणावयाचे होते. मक्तेदारीची मुदत संपेपर्यंत खोळंबलेल्या थट्टेचा समाजाला काय उपयोग?