यंत्र झालं, पण त्यावर चालवायचं काय?

अमेरिकेकडून महासंगणक मिळवणं १९८० च्या दशकात सोपं नव्हतं. मिळाला तरी वापरावर अटी. म्हणून केंद्राने १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' सुरू केली. प्रमुख डॉ. विजय भटकर, मुदत तीन वर्षं.

पहिली अडचण प्रोसेसरची. तितका ताकदवान प्रोसेसर देशात बनत नव्हता. मग ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे छोटे 'ट्रान्सप्युटर' जोडून काम वाटून द्यायचं ठरलं. १९९१ मध्ये ६४ प्रोसेसरचा 'परम ८०००' तयार झाला.

खरी कसोटी पुढेच होती. जुने प्रोग्रॅम एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले. हवामानाचंच बघा. नकाशाचे तुकडे करून वाटता येतात. पण बेळगावच्या पावसाचं गणित कोकणातल्या वाऱ्याशिवाय सुटत नाही. प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्याकडून आकडे मागावे लागतात आणि ते येईपर्यंत तो रिकामा बसतो. ६४ जण लावले म्हणून काम ६४ पट लवकर होत नाही.

त्यामुळे यंत्राबरोबर प्रोग्रॅम लिहायची साधनंही सी-डॅकला घडवावी लागली. यंत्राची किंमत बिलात दिसते. प्रोग्रॅम नव्याने लिहिण्याची मेहनत दिसत नाही. ती हिशेबात धरली नाही, तर महागडं यंत्रही धूळ खात पडतं.