हरणांसाठी पेरलेले शेत आणि घरी वाळवलेले मांस

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे विस्कॉन्सिनला चार महिने राहून आलो. परतल्यावर आपल्या मंडळाच्या तिळगूळ समारंभात तिथल्या शिकाऱ्यांच्या गप्पा सांगितल्या, तर लगेच दोन प्रश्न आले. पहिला असा की, जी हरणे मारायची त्यांच्यासाठीच ही माणसे शेत कशाला पेरतात? दुसरा प्रश्न एका आजींनी जरा हळू आवाजात विचारला. त्यांच्या नातवाला शेजारी घरी केलेले सुके मांस देतात, ते खाल्ले तर चालते का? त्या गर्दीत नीट उत्तर देता आले नाही. आपल्या ग्वाल्हेरातल्या कितीतरी घरांची मुले आता तिकडे आहेत, म्हणून ते उत्तर इथे सविस्तर लिहितो.

शिकार, पण नियमांची

ग्वाल्हेरकरांना शिकार म्हटले की शिवपुरीचे जंगल, हाका, मचाण आणि शिंदे सरकारांचे पाहुणे आठवतात. ते सगळे आता इतिहासजमा झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे तिथली पांढऱ्या शेपटीची हरणेही फार थोडी उरली होती. मग शिकारीचे हंगाम ठरले, परवाने आले, रानातले मांस बाजारात विकण्यावर बंदी आली. १९३७ साली एक कायदा झाला. त्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. प्राणी राखायचे तर आधी त्यांचा अधिवास राखा, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. हरणे परत वाढली, इतकी की आता काही भागांत ती पिके आणि कोवळी झाडे फस्त करतात. लांडगे फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम बरेचसे शिकाऱ्यांवर येऊन पडले आहे.

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. पण त्याच्या गप्पा वर्षभर चालतात. लेकीच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात शनिवारी सकाळी पाच-सहा जण कॉफीला जमत. मी कोपऱ्यात बसून ऐकत असे.

फूड प्लॉट म्हणजे काय

रानाच्या कडेला पाव एकरापासून दोन-तीन एकरांपर्यंतचा तुकडा हरणांना चरण्यासाठी पेरायचा, त्याला ते फूड प्लॉट म्हणतात. काय पेरायचे यावर त्यांचे जे वाद चालत, ते ऐकून आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या पारावर बसल्यासारखे वाटे.

एकाचा भर क्लोव्हरवर. आपल्याकडे म्हशींना घालतात तो बरसीम याच जातकुळीतला. क्लोव्हर हवेतला नत्र जमिनीत धरतो आणि एकदा लागला की काही वर्षे टिकतो. हा गृहस्थ त्याचे बी हिवाळा संपता संपता गोठलेल्या जमिनीवर नुसते फेकतो. दिवसा बर्फ वितळते, रात्री पुन्हा गोठते आणि त्या उघडझापीत बी आपोआप मातीत ओढले जाते. नांगर नको, वखर नको.

दुसऱ्याचा जीव सलगमावर. ते उन्हाळ्याच्या शेवटी पेरायचे. सुरुवातीला हरणे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कडक थंडी पडली की पाल्यातल्या पिष्टाची साखर होते, मग त्यांना ते गोड लागते. मात्र त्याच जागी दरवर्षी सलगम घेतले तर रोग येतो, म्हणून पीक बदलत राहायचे. तिसरा ओट आणि गहू पेरतो, मध्ये चिकोरी टाकतो. होय, कॉफीत मिसळतात तीच. आपण उपासाला खातो तो कुट्टूही तिथे उन्हाळ्यात हरणांसाठी पेरतात.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत होते. बियाणे घेण्याआधी मातीची तपासणी करायची. रानाकडेची जमीन बहुधा आंबट असते. सामू सहाच्या खाली असेल तर महागडे बी आणि खत टाकूनही क्लोव्हर धरत नाही, आधी चुनखडीची भुकटी टाकावी लागते. आणखी एक साधी युक्ती म्हणजे प्लॉटच्या मध्यभागी जाळीचा छोटा पिंजरा उभा करायचा. पिंजऱ्याच्या आत पीक गुडघाभर आणि बाहेर बोटभर असेल, तर हरणे किती खात आहेत ते कळते. पिंजरा नसेल तर पीक उगवलेच नाही की खाल्ले गेले, हेच समजत नाही.

यात स्वार्थ आहेच. प्लॉटच्या कडेच्या झाडावर मचाण बांधलेले असते. पण नऊ दिवसांच्या शिकारीपलीकडे वर्षाचे उरलेले दिवस त्या चाऱ्यावर हरणी, पाडसे, ससे, रानटर्की आणि मधमाश्याही जगतात. आपल्या शेजारच्या कुनोच्या जंगलातही चाऱ्याचाच हिशोब महत्त्वाचा ठरला, हेतू मात्र निराळा. तिथल्या सुमारे दोन डझन गावांतले लोक, बहुतेक सहरिया आदिवासी, बाहेर वसवले गेले. त्यांच्या जुन्या शेतांची कुरणे झाली आणि त्यांवर चितळ वाढले. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाचे चित्ते तिथे आले. चित्त्यांना चितळ लागतात आणि चितळांना गवत.

पेरणे वेगळे, ढीग टाकणे वेगळे

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. डिसेंबरात लेकीच्या परसात तीन हरणे आली. बर्फात पाय रुतलेले, बरगड्या दिसत होत्या. घरी आपण गोग्रास काढतो, चिमण्यांना दाणे टाकतो, राहवेना. जावयांना न विचारता मी मक्याची अर्धी पिशवी झाडाखाली ओतली. दुसऱ्या दिवशी तीनची नऊ हरणे झाली आणि मला फार समाधान वाटले.

शेजाऱ्यांनी ते पाहिले आणि फावडे घेऊन आले. काही न बोलता त्यांनी सगळा मका पोत्यात भरला, मग कॉफी घेत मला समजावले.

पहिले कारण पोटाचे. हरीण गाईसारखेच रवंथ करणारे. त्याच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव ऋतूप्रमाणे हळूहळू बदलतात. हिवाळ्यात ते डहाळ्या आणि सालींना सरावलेले असतात. अशा वेळी एकदम पोटभर मका मिळाला तर पोटात आम्ल साचते आणि हरीण भरल्या पोटी मरते. ज्यांच्या घरी गाई-म्हशी होत्या त्यांना हे ठाऊक असेल. धान्याच्या कोठाराशी सुटलेली गाय पोट फुगून मरते, तसेच हे.

दुसरे कारण रोगाचे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये प्रथम लक्षात आला आणि २००२ साली विस्कॉन्सिनमध्ये सापडला. त्याला जंतू कारण नाही की विषाणू नाही. शरीरातलेच एक प्रथिन चुकीच्या घडीचे होते, त्याला प्रायॉन म्हणतात. ते मेंदू पोखरते. हरीण झडत जाते आणि मरतेच. औषध नाही. लाळ, मूत्र आणि लेंड्यांतून ते पसरते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. लागण झालेले हरीण बरेच महिने अगदी धडधाकट दिसते. एका ढिगावर नऊ हरणांनी तोंडे घातली की एकाची लाळ आठांच्या पोटात जाते. म्हणून त्या राज्याच्या बऱ्याच जिल्ह्यांत असे खाणे टाकायला कायद्यानेच बंदी आहे.

फूड प्लॉटमध्येही हरणे एकत्र येतात, धोका शून्य नाही. पण एकरभर पसरलेल्या पिकात ती फिरत, पानापानाने खातात आणि पीक ऋतूबरोबर हळूहळू येते, त्यामुळे पोटालाही सवय होते. माझ्या ढिगाभोवती जमलेली गर्दी पाहून मी ती हरणांची भरभराट समजलो होतो.

जर्की: सुके म्हणजे सुरक्षित नव्हे

हंगाम संपला की गप्पा मांसाकडे वळतात. त्यातला आवडता प्रकार जर्की. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला, म्हणजे वाळवलेले मांस.

कृती सांगायला प्रत्येक जण उत्सुक. मागच्या मांडीचे, चरबी नसलेले मांस घ्यायचे. चरबी वाळत नाही आणि तिला खवट वास येतो. मांस थोडे गोठवले की सुरी सरळ चालते. पट्टी पाव इंचाहून जाड नको. धाग्यांच्या आडवी कापली तर मऊ, धाग्यांच्या दिशेने कापली तर चिवट. सोया सॉस, लसूण, मिरपूड, मीठ आणि थोडी गुळासारखी तपकिरी साखर लावून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवायचे, मग वाळवणी यंत्रात ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर काही तास. पट्टी वाकवल्यावर तडकली पण तुटली नाही की झाली.

वाळवणे आपल्याला नवे नाही. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्याच्या बेगमीला बोंबील, सुकट वाळते. मराठवाड्यात अनेक दलित घरांत मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करत. गरिबीत एक कणही वाया न घालवण्याची ती शहाणी रीत होती. पण एक फरक ध्यानात घ्या. आपले सुके बोंबील किंवा चान्या बहुधा भाजून, तळून किंवा रश्श्यात शिजवून पानात येतात. जर्की पाकिटातून थेट तोंडात जाते. शिजवण्याची पायरी नंतर येत नाही, म्हणून ती आधी व्हायला हवी.

यंत्र ६० अंशांवर असले तरी ओल्या मांसातून पाणी उडत असते तोवर मांस त्याहून थंड राहते. ते तापेपर्यंत मांस सुकते, आणि कोरड्या मांसातले जीवाणू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला म्हणूनच असा आहे: मांसाच्या पट्ट्या आधी आतपर्यंत ७१ अंशांना तापवा, मग वाळवा. १९९५ साली ओरेगॉन राज्यात घरी वाळवलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलाय जीवाणूची बाधा झाली आणि अकरा जण आजारी पडले.

गोठ्यातल्या एका आजोबांनी हे ऐकून मान हलवली. चाळीस वर्षे न तापवताच करतो, काही झाले नाही, असे म्हणाले. त्यांच्या सुनेने शांतपणे विचारले, “मग बाबा, नातवंडांना देताना तुम्ही घरची का देत नाही, दुकानातली का आणता?” आजोबा हसले. पुढच्या शनिवारी त्यांच्या हातात मांसात खुपसायचा तापमापक होता.

प्रायॉनचे मात्र तसे नाही. तो शिजवून, वाळवून किंवा मिठाने जात नाही. हा रोग हरणाकडून माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही लागण झालेल्या हरणाचे मांस खाऊ नये, असेच तिथले आरोग्य खाते सांगते. म्हणून शिकारी हरणाचे डोके तपासणीला देतात आणि निकाल येईपर्यंत प्रत्येक हरणाचे मांस वेगळे ठेवतात.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर

मांस खाणाऱ्या घराला जर्की वर्ज्य मानायचे कारण नाही. देणाऱ्याचा मान ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. हरणाची तपासणी झाली का? वाळवण्याआधी मांस तापवले का? आणि कधी केले? घरची जर्की बाहेर दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, पुढे फ्रीझरमध्ये ठेवावी. हे प्रश्न तिथे कोणी अपमान मानत नाही. येताना मात्र ती बॅगेत घालू नका. मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय भारतात आणता येत नाहीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी लेकीच्या हाती एक पाकीट दिले. त्यावर पेनाने तारीख लिहिली होती आणि खाली ‘तपासणी: ठीक’. आम्ही उभयता शाकाहारी, त्यामुळे ते जावयांनीच खाल्ले. मी शेजाऱ्यांना तिळाचे लाडू दिले. त्यांनी आधी त्यांत काय काय आहे ते विचारले आणि मगच तोंडात टाकला.