घरचे लाईट बिल आणि आपले इंजिनिअरिंग

वॅट गुणिले तास भागिले १००० म्हणजे युनिट, हे सूत्र आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण सुट्टीत घरी गेल्यावर याच सूत्राने घरचे लाईट बिल किती जणांनी तपासलंय? आपली फी भरताना घरचे लोक कुठे कुठे हात आखडतात, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा हा हिशेब आपणच करायला हवा.

घरात बचत बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. मोबाईलचा चार्जर लावून ठेवला म्हणून बोलणी बसतात आणि तिकडे गीझर तासभर चालूच! नुसता लावलेला चार्जर साधारण पाव वॅट खातो, म्हणजे महिन्याला पाव युनिटही नाही. गीझर मात्र २००० वॅटचा. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी तापवणाऱ्या वस्तू, मग तासन्‌तास चालणाऱ्या आणि शेवटी बाकीच्या.

गरम पाणी : १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे ०.३ युनिट लागते. चौघांच्या घरात महिन्याला ३६ युनिट झाले. शॉवरखाली दहा मिनिटे, मिनिटाला ६ लिटर धरले तरी ६० लिटर, म्हणजे चौपट! बादलीने आंघोळ केली तर पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. गीझर आंघोळीच्या थोडा आधी लावा आणि सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरका.

पंखा : जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे ११ युनिट. दर पंख्यामागे १६ युनिट वाचले. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला १६० रुपये. नवा पंखा समजा १५०० रुपयांनी महाग पडला, तरी दहा महिन्यांच्या वापरात फरक वसूल! पंखा बदलणे जमत नसेल तर निदान जुना खोक्यासारखा रेग्युलेटर बदला. तो वेग कमी करतो खरा, पण उरलेली वीज स्वतःच्या अंगात उष्णता म्हणून घालवतो.

स्वयंपाक : पाण्याला उकळी आली की गॅस कितीही मोठा करा, तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, नुसती वाफ वाढते. म्हणून उकळी आली की गॅस बारीक आणि भांड्यावर झाकण. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १२० अंशांच्या जवळपास उकळते, त्यामुळे डाळ लवकर शिजते. डाळ आधी भिजवली तर आणखी लवकर. आई हे सगळं थर्मोडायनॅमिक्स न शिकता करत आली आहे, बरं का!

टीव्ही : सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी साधारण १० वॅट घेत राहतो. दिवसरात्र धरले तर महिन्याला ७ युनिट. मुख्य बटण बंद करा, एवढंच.

आता बिलाची गंमत. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०१ ते ३०० चा जास्त, त्यापुढे आणखी जास्त. शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, हा गैरसमज आहे. फक्त वरचे युनिट महाग पडतात. म्हणजेच बचतही वरूनच कापली जाते. १३० चे १०० झाले तर वाचलेले तीसही युनिट महाग दराचे!

आणि पर्यावरण? चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. शिवाय तारांमधून येताना काही वीज वाटेतच गळते. त्यामुळे घरात एक युनिट वाचले की तिकडे एकाहून जास्त वाचते.

हॉस्टेलवर बिल आपल्या नावावर येत नाही, म्हणून रिकाम्या रूममध्ये पंखे फिरत राहतात. पण मीटर कोणाच्याही नावाचा असो, कोळसा तेवढाच जळतो आणि पैसे शेवटी कोणाच्या तरी घरूनच येतात. तेव्हा या सुट्टीत घरच्या प्रत्येक उपकरणावरचे वॅट वाचा, तास लिहा, गुणाकार करा. सगळ्यात मोठा आकडा ज्याचा येईल, तिथून सुरुवात करा!